देवरामच्या घरची झुरळं

चंद्रकलेच्या घरी कपाट आलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. पुढच्या फाल्गुनात तिला असं वाटू लागलं, की हे धूड एखाद्या कड्यावरून ढकलून द्यावं आणि मोकळं व्हावं. जव्हारला कड्यांची काही वाण नाही. पण कपाट सागवानी होतं, पुरुषभर उंच होतं, त्याच्या दाराला आरसा होता, आणि मुख्य म्हणजे त्यात अर्ध्या जामसर गावाचे ठेवणीतले कपडे होते. त्यातलं एक लुगडं तर तिच्या नणंदेच्या लग्नाचं.

कपाट आलं फुकटात. संस्थान विलीन झालं, जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जुने अंमलदार एकेक करून गाव सोडून निघाले. कुणी नाशकाला गेलं, कुणी पुण्याला. अशाच एका अंमलदारांचं सामान बांधायला देवराम गेला होता. देवराम म्हणजे चंद्रकलेचा नवरा. मूळचा जामसरचा, शेतकऱ्याचा मुलगा, शिकून मामलेदार कचेरीत नुकताच कारकून झालेला. स्वभावानं इतका सरळ, की सांगितलेलं काम करून वर न सांगितलेलंही करून यायचा. तर त्या अंमलदारांचं हे कपाट काही केल्या लॉरीत चढेना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, चौघा गड्यांनी आईमाईवरून शिव्या देऊन पाहिल्या. शेवटी बाईसाहेब वैतागून म्हणाल्या, "देवराम, तूच ने रे बाबा हे. तुझी बायको दुवा देईल."

बायकोनं दुवा दिला. रोज देत होती. कपाटात ठेवायला दोघांचे मिळून सात-आठ कपडे होते, तेही तिनं चारही फळ्यांवर ऐसपैस मांडले. दिवसातून दहा वेळा ती त्या आरशापुढून जायची, आणि प्रत्येक वेळी काहीतरी काम असल्यासारखा चेहरा करायची.

आता जामसरला कपाट म्हणून चीज कुणाच्याच घरी नव्हती. तिकडे चुलीच्या वर आढ्याला एक बांबू टांगलेला असतो, त्याला दांडी म्हणतात. ठेवणीतलं लुगडं, सणाचं धोतर, सगळं त्या दांडीवर. खालून बारा महिने धूर. अंगावर घातलं की माणूस जवळ येण्याआधी धुराचा वास येतो. पण त्या कपड्यांना किडा म्हणून लागत नाही. का लागत नाही हे कुणी कुणाला विचारलं नाही, आणि लागतच नसल्यामुळे विचारायचं कारणही पडलं नाही.

देवरामच्या घरी कपाट आल्याची बातमी जामसरला पोचली, ती नेहमीप्रमाणे वाटेत वाढून पोचली. आरसा दारभर होता तो भिंतभर झाला. पुढच्याच बाजाराला देवरामची आई, धोंडीबाई, डोक्यावर टोपली आणि काखेत एक गाठोडं घेऊन दारात उभी राहिली.

"हे भागीच्या लग्नाचं लुगडं," ती म्हणाली. "वैशाखात लग्न हाय. आमच्याकडं उंदीर, त्यात घर शाकारायचं काढलंय. तुज्या कपाटात ठेव. कुलूप हाय ना त्याला?"

"आहे ना, आत्याबाई," चंद्रकला म्हणाली. जव्हारला आल्यापासून ती नवऱ्याला अहो म्हणायला आणि 'हाय'ला 'आहे' म्हणायला शिकली होती.

लुगडं हिरवंगार होतं, तांबड्या काठाचं. देवरामच्या वडिलांनी दोन हंगाम जंगलात लाकूडतोडीच्या कामाला जाऊन ते लेकीसाठी घेतलं होतं. धोंडीबाईनं ते स्वतःच्या हातानं वरच्या फळीवर ठेवलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि आरशातल्या स्वतःकडे क्षणभर बघून म्हणाली, "ही कोण म्हातारी?" मग दोघी खूप हसल्या.

एकीनं ठेवलं म्हटल्यावर बाकीच्यांनी का मागं राहावं? धोंडीबाईच्या शेजारच्या माघीनं लुगडं आणलं. तुकानं आपला काळा कोट आणला, जो तो फक्त लग्नात आणि कचेरीच्या तारखेला घालायचा. जिवानं फेटा आणला. चंद्रकला कुणाला नाही म्हणाली नाही. गावातल्या मोठ्या मोठ्या बाया आपल्या दारात उभ्या राहून "ठेवशील का गं पोरी?" असं विचारतात, याचं तिला मनातून फार सुख वाटायचं. माहेरी ती पाच बहिणींतली चौथी. तिच्याकडे कुणी कधी काही ठेवायला दिलं नव्हतं.

आणि या सुखातच ती घसरली.

झालं असं, की सगळ्या गाठोड्यांना धुराचा वास होता. कपाट उघडलं की जामसरची अख्खी चूल घरात आल्यासारखं वाटायचं. देवरामचा कचेरीतला सदराही त्याच वासाचा होऊ लागला. मग चंद्रकलेनं ठरवलं, की सगळ्यांचे कपडे धुऊन, कडक करून, शहरातल्यासारखे घडी घालून परत द्यायचे. मामलेदारीणबाईंची पातळं परटाकडून कशी येतात, हे तिनं पाहिलं होतं. खळ घातलेली, कागदासारखी. खळ म्हणजे काय हे तिनं विचारलं, तेव्हा तिला कळलं की ती भाताच्या पेजेचीही होते. पेज तर घरात रोजच होती. देवरामच्या पगारात आता दोन्ही वेळा भात शिजायचा, आणि वर काढलेली पेज उरायची.

मग काय विचारता! तिनं दोन दिवस खपून सगळं धुतलं. धूर पार निघून गेला. पेज केली ती चांगली दाट, भातही थोडा घोटून घातला, कारण परक्याच्या वस्तूत हात आखडता घेणं तिला बरं दिसेना. भागीच्या लुगड्याला तर तिनं दोनदा पेज दिली. दुपारी ऊन उतरलं, कपडे जरा दमटच होते, पण उद्यावर कशाला टाका म्हणून तिनं घड्या घालून कपाटात रचले आणि कुलूप लावलं. कामाचं सार्थक झाल्यासारखं वाटून ती त्या दिवशी देवरामला दोनदा म्हणाली, "आत्याबाई बघतील तर बघतच राहतील."

झुरळं कपाटात आधीपासून होती. बाईसाहेबांच्या काळची चार-सहा असतील, मागच्या फटीत राहणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. त्यांचं बस्तान काही फार मोठं नव्हतं. पण पेजेचे कपडे आत गेले आणि त्यांचा भाग्योदय झाला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी चंद्रकलेनं सदरा काढायला दार उघडलं, तर सदऱ्याच्या कॉलरवर एक झुरळ बसलेलं. मिशा हलवत होतं, आणि घर तिचं नसून त्याचं असल्यासारखं तिच्याकडे बघत होतं. तिनं सदरा झटकला. त्यातून पाच पडली. लुगड्यांची चळत उचलली, तर सरसर करत पंचवीस-तीस पळाली. ती किंचाळली नाही. तिनं आधी झाडू घेतला. पंधरा-वीस मारून झाल्यावर मग ती खाली बसली आणि भागीचं लुगडं उलगडलं.

घडीच्या कडेनं भोकं पडली होती. कपडा घडी करून ठेवला की झुरळ एकाच जागी खातं, पण भोक सगळ्या पदरांतून आरपार जातं. उलगडाल तसं ते वाढत जातं. एक, मग हातभर पुढे दुसरं, मग तिसरं. चंद्रकलेनं मोजली तेव्हा सव्वीस भरली. ऐन पदरावर रुपयाएवढं एक.

लग्नाला महिना उरला होता. धोंडीबाई दर बाजाराला यायची.

देवरामला सांगितलं तेव्हा त्यानं लुगडं उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाला, "डांबराच्या गोळ्या आणतो." त्यानं आणल्या, कपाटात घातल्या, आणि घराला असा वास सुटला की झुरळं राहिली आणि ही दोघंच ओसरीवर येऊन बसली. कचेरीत देवराम शेजारी येऊन उभा राहिला की अव्वल कारकून शिंकायचे. चंद्रकलेनं कडुनिंबाचा पाला पसरला. दुसऱ्या दिवशी झुरळं पाल्याच्या खाली आरामात होती. वर सावली झाली होती ना त्यांना!

शेवटी ती लुगडं पदराखाली घेऊन गल्लीच्या टोकाला राबियाखालाकडे गेली. राबिया ही मेहबूब शिंप्याची बायको. नवरा मशीनवर शिवायचा, आणि रफूचं काम राबियाचं. जळका कोट असो की उंदरानं कुरतडलेली शाल, तिनं हात फिरवला की मूळचं कापड ते हेच, असं मालक शपथेवर सांगायचा.

राबियानं लुगडं मांडीवर घेतलं. भोकांकडे तिनं पाहिलंच नाही. आधी कापड चिमटीत धरून चोळलं, मग जिभेला लावलेलं बोट त्यावरून फिरवलं. बोट चिकटलं.

"यात काय घातलंस, बेटी?"

"पेज," चंद्रकला म्हणाली. "कडक व्हावं म्हणून. दोनदा दिली."

राबियानं आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? या पोरीनं झुरळांना महिनाभर दावत दिली!" मेहबूबचाचा मशीन थांबवून बाहेर आले. हसू दाबत म्हणाले, "खळ घालायची ती कपडा अंगावर घालायच्या दिवशी गं. पेटीत ठेवायचा कपडा साधा धुवायचा, कडकडीत वाळवायचा. तू जेवणाचं ताट वाढलंस आणि वर कुलूप घातलंस. बाहेरून कुणी हाकलायलासुद्धा येणार नाही!"

चंद्रकलेला हसावं की रडावं कळेना. ती रडली. राबियानं तिला रडू दिलं, मग चहा दिला, आणि मग कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं करून चौघांनी अंगणात काढलं. लॉरीत न चढलेलं ते धूड दारातून बाहेर येतानाही अडलंच. त्याच्या फटीफटींतून उकळतं पाणी ओतलं. झुरळं निघाली ती इतकी, की गल्लीतल्या कोंबड्यांना आठवडाभर दाण्याची आठवण झाली नाही. मग रॉकेलचा बोळा फिरवला आणि दोन दिवस ते उन्हात उघडं ठेवलं. सगळे कपडे पेज निघेपर्यंत धुतले आणि दगड तापवणाऱ्या उन्हात वाळवले. गल्लीभर जामसरचे कपडे पसरले होते. जाणारे-येणारे विचारायचे, "लग्न कुणाचं?" राबियानं वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला निर्गुडीचा पाला यांच्या पुरचुंड्या करून प्रत्येक फळीवर ठेवल्या. दवाखान्यातून बोरिक पावडर आणून कणकेत गूळ घालून गोळ्या वळल्या, त्या कपाटाच्या मागं. त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. "आणि महिन्यातून एकदा सगळं बाहेर," तिनं बजावलं. "उन्हाचं औषध फुकट असतं म्हणून लोक घेत नाहीत."

तुकाच्या कोटाला, माघीच्या लुगड्याला फारसं काही झालं नव्हतं. तो कोट मुळात इतका जुना होता, की झुरळांनाही त्यात राम वाटला नसावा. खरा घात झाला होता तो भागीच्या लुगड्याचा.

नऊवारी लुगड्याचं आतलं टोक नेसल्यावर दिसत नाही. तिथलेच धागे एकेक करून काढायचे, आणि त्याच धाग्यांनी भोकं विणून भरायची. चंद्रकला धागे काढायची, राबिया विणायची. रोज दुपारी तीन-चार तास. बदल्यात चंद्रकलेनं तिच्या घरचं पाणी भरलं, मिरच्या कांडल्या, नाचणी दळली. पंचवीस भोकं गेली. कुठं होती हे नंतर चंद्रकलेलाही सापडेना. राहिलं पदरावरचं ते मोठं. ते विणून भरण्याजोगं नव्हतं. राबियानं विचार केला, आतून कापड लावलं आणि वरून पिवळ्या रेशमाची एक कोयरी भरली. एकच कोयरी विचित्र दिसेल म्हणून आणखी दहा भरल्या. पदर असा उठून दिसू लागला, की मेहबूबचाचा म्हणाले, "आता कुणीतरी मुद्दाम झुरळं सोडायला सांगेल."

त्या संध्याकाळी देवराम लुगडं बघून हरखला. म्हणाला, "कळणारच नाही. सांगूच नकोस. हौसेनं भरून घेतलं म्हण."

चंद्रकला हो म्हणाली. पण रात्री तिनं अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. खोटं बोलणं तिला फार अवघड जात होतं असं नाही. लहानपणी पाच बहिणींत ती वेळेला चांगली खोटं बोलायची. पण हे लुगडं तिच्याकडे विश्वासानं आलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे काही विश्वासानं दिलं होतं. ते खोट्याच्या घडीत बांधून परत द्यायचं म्हणजे तिला कसंतरी होत होतं. आणि खरं सांगितलं तर पुन्हा कुणी तिच्या दारात "ठेवशील का गं?" म्हणत येणार नव्हतं, हेही तिला दिसत होतं.

लग्नाआधीच्या बाजाराला धोंडीबाई भागीला आणि माघीला घेऊन आली. चंद्रकलेनं कुलूप काढलं, लुगडं पाटावर ठेवलं. भागीनं पदर उलगडला आणि तिच्या तोंडून "अगं बाय!" एवढंच निघालं.

"हे कवा केलं?" धोंडीबाईनं कोयरीवरून बोट फिरवलं. रोज नाचणी दळणारं, खरबरीत बोट. ते रेशमावर जरा अडकलं. "माघे, बघ. सून अशी पायजे. सांगितलं व्हतं नुसतं ठेवायला, न हिनं सोन्यानं मढवून दिलं. मी सगळ्या जामसरला सांगन."

देवराम दारातून चंद्रकलेला डोळ्यांनी खुणावत होता. गप्प बस. गप्प बस.

"आत्याबाई," चंद्रकला म्हणाली, "खाली भोक आहे."

मग तिला थांबता येईना. झुरळं, सव्वीस भोकं, रफू, आतल्या टोकाचे धागे, सगळं तिनं एका दमात सांगितलं. शहरातलं 'आहे' कुठल्या कुठे गेलं. "म्या धुतलं, म्याच पेज घातली, आये. दोनदा घातली. माजीच चूक हाय. भागीबाय, मला माफ कर."

भागीनं पदर पुन्हा हातात घेतला आणि त्या कोयरीकडे बारकाईनं बघत बसली. माघीनं आपलं लुगडं उलटंपालटं करून तपासायला घेतलं. धोंडीबाईच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

"पेज?" ती म्हणाली. "कसली पेज?"

"भाताची."

"प्यायची?"

"हो."

"प्यायची पेज तू कापडाला पाजलीस?"

आता आभाळ कोसळणार म्हणून चंद्रकलेनं मान खाली घातली. धोंडीबाईचा आवाज चढलाच. "अगं, पेज काय वतून द्यायची चीज हाय? हा तुजा नवरा एवढासा व्हता. श्रावणात नाचणी सरायची. मूठभर तांदूळ न हंडाभर पाणी, त्याची पेज करायची न तिघा पोरांना घोट घोट द्यायची. वरनं रानातला कंद. ह्यो मडकं चाटून पुसून ठेवायचा, का घासायला नको व्हायचं. इचार त्याला!"

कुणी विचारलं नाही. देवराम दारातच उभा होता, आणि तो आता खुणावत नव्हता.

धोंडीबाई दम घ्यायला थांबली. मग तिच्या मनात काहीतरी आलं. तिनं त्या कपाटाकडे पाहिलं, चुलीजवळच्या झाकलेल्या पातेल्याकडे पाहिलं.

"अजून उरते?" तिनं हळूच विचारलं. "रोज?"

"रोज उरते," चंद्रकला म्हणाली.

"आमच्या घरात झुरळ कवा आलंच नाय," धोंडीबाई म्हणाली. "मला वाटायचं, धुरानं येत नसंल. पन येऊन ते खानार काय व्हतं?" मग एकदम उठून ती कपाटापाशी गेली. "हायेत का अजून? दाव मला."

"नाहीत आता, आत्याबाई. सगळी गेली."

"एखादं असंल की गं!"

आणि मग त्या घरात अशी गंमत झाली, की ज्या झुरळांपायी चंद्रकलेला महिनाभर अन्नपाणी गोड लागलं नव्हतं, तीच शोधायला सगळेजण वाकले. माघीनं फळ्या चाचपल्या. देवरामनं पायांखालच्या वाट्या काढून कपाट भिंतीपासून सरकवलं. मागं बोरिकच्या गोळीशेजारी एक झुरळ उताणं पडलं होतं, पाय हलवत. चांगलं अंगठ्याएवढं, तेल लावल्यासारखं तुकतुकीत. धोंडीबाईनं त्याच्यापुढं बैठक मारली आणि जावयाची तब्येत पाहावी तसं त्याला न्याहाळलं.

"केवढं माजलंय मेलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती. चंद्रकलेच्या पाठीवर तिनं एक धपाटा घातला, तो तसा जोराचाच होता. "पेज पीत जा. कापडांना पाजू नको."

लग्न जामसरला झालं. भागी ते लुगडं नेसून मांडवात आली, आणि बायांच्या नजरा पदरावरून हलेनात. नवऱ्यामुलाची आई हिराबाई खोडाळ्याची होती, बोलायला खमकी. तिनं पंगतीच्या गडबडीत पदर हातात धरून विचारलंच, "ह्ये काम कुठनं केलं? लई महागाचं दिसतंय."

चंद्रकला भाताची पाटी घेऊन शेजारीच होती. ती वाढता वाढता थांबली.

"महागाचं कशाचं!" धोंडीबाई साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "खाली भोकं हायेत. झुरळांनी खाल्लंय. माज्या देवरामच्या घरात पेज अशी उरते, का ही पोर कापडांना घालते, न झुरळं पिऊन पिऊन माजतात. मी सोता पायलंय. एवढं झुरळ!" तिनं सगळा पंजा उघडून दाखवला.

 देवरामच्या कचेरीतले दोघे पंगतीला बसले होते, त्यांनी घास हातातच धरला. हिराबाईनं आधी त्या पंजाकडे पाहिलं, मग कारकून झालेल्या देवरामकडे, मग आपल्या नव्या सुनेकडे. तिच्या कपाळावरची आठी गेली.

"म्हंजी पोर खात्यापित्या घरची हाय," ती आपल्या माणसांकडे वळून म्हणाली.

धोंडीबाईनं मान ताठ केली. माघी तिच्या कानाशी लागून, आपलं लुगडं पावसाळ्यात पुन्हा चंद्रकलेकडेच ठेवावं म्हणते, असं काहीतरी सांगत होती. चंद्रकलेनं पदरानं डोळे पुसले, पाटी कमरेवर सावरली आणि पुढच्या पंगतीला भात वाढायला गेली.